मधेच मेलेली नायिका

त्या जुन्या, गाजलेल्या कादंबरीचं मर्म जगात आपल्याइतकं कुणालाच कळलेलं नाही, असं सर छातीठोकपणे सांगत. सांगणारच! ही कादंबरी वाचकाला खिळवून कशी ठेवते, यावर सात वर्षं खपून त्यांनी प्रबंध लिहिला होता. आता नुसती तोंडी परीक्षा उरली होती. पास झाले तर कॉलेजातली नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ.

परीक्षेला त्यांनी कौतुकाने सासऱ्यांनाही बोलावलं होतं. सासरे बुकबाइंडर. सात वर्षांपूर्वी सरांनी रद्दीतून आणलेली खिळखिळी प्रत वाचायला घेण्याआधी सासऱ्यांनीच शिवून, कडा कातरून, कापडी पुठ्ठ्यात बांधून दिली होती. आपण बांधलेल्या पुस्तकावर जावई डॉक्टर होणार म्हणून म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता.

सर सुटले. नायिका मध्यावरच मरते आणि पुढच्याच पानावर बाळाची झबली शिवत बसते, ही काळाची केवढी उडी! वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि भलतंच सुरू होतं, तिथे वाचकाचा श्वास अडकतो. पानांना आकडे नाहीत, कारण आयुष्याला कुठे असतात? या आकड्यांवर तर चाळीस पानांचं अख्खं प्रकरण होतं.

परीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून स्वतःची प्रत काढली.

"सर, नायिका शेवटच्या पानावर मरते हो."

सरांनी कीव आल्यासारखं हसून, बाईंची आवृत्तीच चुकीची असेल, असं सुचवलं. बाईंनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या. तेवढ्यात सासरे उठले, चष्मा पुसला आणि सरांच्या प्रतीच्या शिवणीत डोकावले. सोळा-सोळा पानांच्या जुडीला ते फर्मा म्हणत. एकेक फर्मा बोटाने चाचपता चाचपता त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"जावईबापू, गठ्ठा हातातून निसटला होता. जमेल तसे फर्मे लावले मी. आकडे कातरण्यात गेले."

कुणी हसलं असतं तरी सरांना बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. सात वर्षं पाण्यात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर सुटलो, असं त्यांना झालं.

बाई मात्र भल्या निघाल्या. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. विषय तोच, फक्त कादंबरी ओळीने वाचून प्रबंध नव्याने लिहायचा. तोवर नोकरी शाबूत. सासऱ्यांनी त्याच दिवशी डोळे पुसत शिवण उसवली आणि बाईंच्या प्रतीवरून फर्मे जागच्या जागी लावून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आंघोळ करून वाचायला बसले. नायिका जन्मली, शाळेत गेली, शहाणी झाली, तिचं लग्न ठरलं. सगळं कसं रांगेत. तासाभराने बायको चहा घेऊन आली, तर पुस्तक छातीवर आणि सर घोरतायत! तिने हलवून जागं केलं. सरांनी उघडं पान पाहिलं आणि त्यांना रडूच कोसळलं.

"अगं, फार रटाळ आहे गं ही कादंबरी. खिळवून ठेवते असं आता कुठल्या तोंडाने लिहू?"