शून्याची ओळ

“ताई, पाकिटं पाच, ओळी पाच. एवढं सांभाळा, बाकी मी बघते,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

मी नुसती मान डोलावली. सकाळची वेळ होती, आणि दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचं मौनव्रत आहे. मनात मात्र म्हटलं, बाई, निर्धास्त राहा. बावीस वर्षांत या प्रयोगशाळेत माझ्या हातून सरकीचा एक दाणा इकडचा तिकडे झालेला नाही! (गर्व वाईट, हे मला त्या दिवशीही तोंडपाठ होतं.)

पहिल्या पाकिटात कपाशीचं साधं बियाणं, म्हणजे शून्य. बाकी चारांवर किरण सोडलेले, चढत्या मात्रेने. पीक किती येतं, धागा किती लांब आणि चिवट निघतो, ते पाहायचं होतं. मी दाणे तळहातावर घेतले. डाग नाही, चरा नाही. किरण आरपार गेले तरी, जणू कुणीतरी घरभर फिरून गेलं आणि दाराची कडी जशीच्या तशी! मला अगदी गहिवरून आलं.

शेतात मुकादम माझ्यासमोर उभे राहिले. “ताई, शून्याची ओळ डावीकडे ना?”

मी होकाराची मान डोलावली. त्यांनी पेरलं. मागाहून मी डावीकडून पाट्या रोवल्या, शून्य ते चार.

आणि काय सांगू! चार नंबरची ओळ छातीएवढी वाढली. बोंडं अशी फुटली, की जणू झाडांनी अंगावर ढग पांघरलेत. शून्याची ओळ मात्र खुरटी, विरळ, शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभी केल्यासारखी.

“एवढे किरण सोसून हे झाड?” डॉक्टरबाई चक्रावल्या. “पुस्तकात तर उलटं लिहिलंय.”

“पुस्तकं माणसांनी लिहिलीत, बाई,” मी म्हटलं. दुपार होती ना.

त्यांनी नव्या संचालकसाहेबांना बोलावलं. प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे त्यांच्या हातात होतं. नऊ वर्षं बाई याच्यामागे झिजल्या होत्या.

साहेब अकरा वाजता आले. बाई चार नंबरच्या ओळीकडे बोट दाखवून सांगू लागल्या, तेवढ्यात मुकादम माझ्या कानाशी आले.

“ताई, शून्याची पाटी तिकडे कशी? मी तर विहिरीकडून सुरुवात केली. माझ्या डावीकडून.”

त्यांच्या डावीकडून. आम्ही समोरासमोर उभे होतो! बाई साध्या बियाण्याच्या झाडांना चमत्कार म्हणत होत्या, तोही साहेबांपुढे.

मी चिठ्ठी लिहिली: ‘पाट्या उलट्या आहेत.’ बाईंनी ती न वाचताच खिशात टाकली. माझ्या चिठ्ठ्यांत एरवी ‘चहा तयार आहे’ एवढंच असतं. दुसरी चिठ्ठीही खिशात गेली. घड्याळात सव्वाअकरा. साहेब वहीत लिहू लागले.

मी मनात हात जोडले आणि तोंड उघडलं. “बाई, ओळी उलट्या आहेत. चूक माझी आहे.”

मुकादमांनी टोपी काढली. बाई माझ्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या, जणू पाटीच बोलली.

“या... या बोलतात?” साहेबांनी विचारलं. ते येतात सकाळी आणि जातात बाराच्या आत. मी जन्माची मुकी, असं त्यांनी धरून ठेवलं होतं! “आणि या याच बियाण्यात रोज हात घालतात?”

“हो, पण—” बाई म्हणाल्या.

“मुकीला वाचा फुटली! केवढे हे किरण,” साहेब कपाशीकडे पाहत पुटपुटले, आणि वही छातीशी धरून गाडीने आपल्या खोलीकडे गेले. मी काय बोलले, ते कुणीही ऐकलं नव्हतं.

बाईंनी खिशातल्या चिठ्ठ्या वाचल्या, खाली बसल्या, आणि बराच वेळ त्यांना हसू आवरेना. मग डोळे पुसून मधल्या ओळीशी गेल्या. पाच ओळींतली मधली, कुठूनही मोजा, मधलीच! एक बोंड सोडवून त्यांनी धागा हळूहळू ताणला. तो संपेचना. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो.

“ही खरी,” त्या हलकेच म्हणाल्या. “ताई, साहेबांना तुम्हीच सांगाल?”

“सांगते,” मी शब्द दिला.

“पण तुम्ही बोलताय म्हटल्यावर ते शुद्धीवर राहायला हवेत.”

आता साडेअकरा झालेत. साहेब बाराला निघतात. मधल्या ओळीचं बोंड रुमालात बांधून मी त्यांच्या खोलीकडे निघाले आहे.