शर्करानगरचे नवे रहिवासी

साखर कारखाना बंद पडल्यापासून निफाडच्या पलीकडचं शर्करानगर ओस पडत गेलं होतं. तिथून नाशिकला येऊन स्थिरावलेल्या मंडळींनी ते पुन्हा वसवण्यासाठी समिती काढली. पहिल्याच सभेत धनराज पगार बोलायला उभे राहिले. ते बँकेतून निवृत्त झालेले. सभेत बोलायची त्यांना हौस होती.

"नुसती भाषणं करून गाव वसत नाही," ते कडाडले. "कोणीतरी बिऱ्हाड घेऊन तिथं जायला हवं. आजच!"

अध्यक्ष खंडेरावांना जरा कमी ऐकू यायचं. ते गहिवरून उठले. "धनराजराव बिऱ्हाड घेऊन निघालेत! टाळ्या!"

"म्हणजे मी नाही, कोणीतरी..." धनराज म्हणाले, तोवर हार गळ्यात पडला होता. फोटोही निघाला.

तो फोटो त्यांच्या आधी घरी पोचला. मंगलाबाईंनी दार उघडलं ते मोबाइल हातात धरूनच.

"अगं, मी आपलं सर्वसाधारण बोललो."

"हार घालून?"

"आता नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? आठवडाभर राहू, पाण्याचं काहीतरी कारण काढू आणि परत येऊ."

रविवारी समितीने टेम्पो पाठवला. खंडेरावांनी नारळ फोडला, मंडळींनी हात हलवले आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

शर्करानगरात उरलं होतं एकच कुटुंब, गिरणीवाला वाळू आणि त्याची बायको सिंधुबाई. दोघांनी धावत येऊन सामान उतरवलं, पिठलं-भाकरी वाढली. जेवण होताच वाळू धनराजना गावभर फिरवायला लागला. पाण्याची मोटर कशी चालू करायची, रस्त्यावरचे दिवे कुठून लावायचे, मारुतीच्या देवळात दिवा कधी लावायचा, सगळं त्याने समजावलं. तिकडे सिंधुबाई मंगलाबाईंना गिरणी दाखवत होत्या.

"हे आम्हाला कशाला?" धनराजनी विचारलं.

"आता तुम्हीच बघायचं ना साहेब! पोरगा कवाचा नाशिकला बोलावतोय. पण गाव मोकळं कसं टाकायचं? कोणीतरी येईल म्हणून थांबलो होतो."

"लय पुण्याचं काम केलं बघा," सिंधुबाईंनी डोळे पुसले आणि हाक मारली, "ओ ड्रायव्हरभाऊ, गाडी रिकामीच जाणार ना?"

तासाभरात टेम्पो भरून दिसेनासा झाला. धनराज रस्त्याच्या मधोमध बराच वेळ उभे होते. बाजूला सरकायची गरजच नव्हती.

आठवडा संपला, पण मोटर चालू करायला दुसरं कोणी नव्हतं. महिन्याने खंडेरावांचा फोन आला.

"कशी आहे प्रगती? लोकसंख्या किती?"

"आधी दोन होती," धनराज म्हणाले. "आताही दोनच."

"दहा? वा! पुढच्या रविवारी आणखी एक कुटुंब पाठवतो."

धनराज हर्षभराने गिरणीकडे धावले. आत आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका दळण घेऊन बसल्या होत्या, हसण्याचा नुसता गलका चालला होता. मध्ये पिठाने पांढऱ्याफटक झालेल्या मंगलाबाई.

"अगं, सुटलो! रविवारी माणसं येतायत. सगळं त्यांच्या गळ्यात घालू आणि त्याच गाडीने निघू."

मंगलाबाईंनी पट्टा न थांबवताच वळून पाहिलं. नाशिकच्या फ्लॅटची बेल वर्षभरात जेवढ्या वेळा वाजली नसेल, तेवढ्या बायका त्यांना सकाळपासून भेटल्या होत्या.

"तुम्ही जा की," त्या म्हणाल्या. "डबा भरून पीठ देते. पोळ्या मात्र तुमच्या तुम्ही लाटा."