आठवडाभर श्वास घेतलेली बाटली

वाइनचे जाणकार जन्माला येत नाहीत. ते एखाद्या बेसावध वाक्यावरून नेमले जातात. माझी नेमणूक साडूच्या घरी झाली. त्याने विचारलं, "रेड चालते ना?" आणि मी ठसक्यात म्हणालो, "दुसरं काही घेतच नाही." (तोवर मी तीनदा वाइन प्यायलो होतो. त्यातही एकदा कागदी पेल्यातून.)

सासरी माझी पत बेताचीच. साडू विमानाने फिरणारा, मी बसमागे धावणारा. त्यामुळे आयतं मिळालेलं हे पद टिकवणं भाग होतं. पुढे तो परदेशातून एक फ्रेंच रेड घेऊन आला आणि बाटली माझ्या हवाली करत म्हणाला, "बाबांच्या वाढदिवसाला घेऊ. कशी आहे, ते तुम्हीच सांगायचं हं!" लेबलवरच्या मजकुरातलं मला फक्त साल कळलं.

रेड वाइन आधी उघडून ठेवावी, तिला श्वास घेऊ द्यावा, असं मी कुठेतरी वाचलं होतं. किती वेळ, तेही पुढे दिलं असणार. मी तेवढं वाचलं नाही. श्वासाच्या बाबतीत कंजुषी नको, म्हणून बाटली आठवडाभर आधी उघडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात ठेवली.

"अहो, चिलटं बसतायत त्या बाटलीवर," बायको म्हणाली.

"त्यांनाही कळतं," मी म्हणालो.

वाढदिवशी मंडळी जमली. मी ग्लास गोल फिरवला (थोडी सासूबाईंच्या बाहीवर गेली), नाक खुपसलं आणि घोट घेतला. घशापासून कानापर्यंत जाळ गेला. ते चक्क व्हिनेगर होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला खरोखर भीती वाटली. खरं बोललो असतो, तर पद त्याच क्षणी गेलं असतं.

"धीट आहे," मी म्हणालो. "आधी अंगावर येते. पण प्रामाणिक आहे."

साडूने घोट घेऊन डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत. "अगदी! दुकानदार हेच म्हणत होता." सासऱ्यांनी खोकून अनुमोदन दिलं. मेहुण्याने आणखी मागितली. विरोधी मत एकच पडलं: बायकोने आपला ग्लास सॅलडवर ओतला. सॅलड फार सुरेख झालं, पण त्याची दखल घेतली गेली नाही.

निघताना साडूने हळूच गुपित विचारलं आणि मी ते सांगितलं. आता तोही बाटल्या आठवडाभर आधी उघडतो. परवा एका पार्टीत ताजी उघडलेली वाइन मिळाली, तर आमच्या सगळ्या घराने नाकं मुरडली. "मिळमिळीत," सासरे म्हणाले. मीही तेच म्हणालो. खरं तर ती इतकी छान होती, की मला रडू यायचं बाकी होतं.

तुम्ही हसताय, हसा. या शनिवारी मात्र आमच्याकडे या. बाटली उघडून ठेवली आहे. सगळ्यांसमोर तुमच्या हातात ग्लास देईन आणि विचारीन, "कशी वाटली?" तुम्ही काय म्हणणार, ते मी सासऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय.