आजचा वास : उग्र

बोईसरच्या हवेवर बोलायचा अधिकार अख्ख्या बोईसरमध्ये एकाच माणसाला आहे आणि तो माणूस म्हणजे आपण, असं शिवाजीराव घोरपडे छातीवर हात ठेवून सांगत. माण तालुक्यातून तरुणपणी आले आणि तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. लोकांची होळी एका दिवसात धुऊन निघते. शिवाजीरावांची निवृत्तीनंतरही वर्षभर कानामागून निघत होती!

पाम गावाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला सागरछाया सोसायटी. तिच्या गेटवर एक हिरवा फळा. 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच लिहायला तो लावलेला, पण शिवाजीरावांनी त्याचं वर्तमानपत्र करून टाकलं. पहिली ओळ ठरलेली : 'आजचा वास'. दुसऱ्या गावांत पावसाचा अंदाज सांगतात, इथे वासाचा. कधी नासक्या अंड्यांचा, कधी जळक्या साखरेचा, कधी कडू बदामांचा. त्याखाली गावच्या आणि जगाच्या बातम्या.

'बोईसरची नगरपरिषद होणार, अशी बातमी आली आहे. गेल्या वर्षीही हीच आली होती. बातमीची तब्येत चांगली आहे.'

'नाक्यावर भावी नगरसेवकांचे बॅनर लागले. नवरदेव रांगेत उभे आहेत, नवरीचा जन्म व्हायचा आहे.'

'नवाच्या मालिकेतल्या सुनेची स्मृती गेली. त्याच आठवड्यात रस्ता दुरुस्त करतो म्हणणाऱ्यांचीही गेली. साथ असावी.'

रिक्षावाले रिक्षा हळू करून फळा वाचत. शिफ्टला जाणारी बिहारी पोरं एकमेकांना अर्थ विचारत. शिवाजीराव खडूची पूड झटकत वरून बघत. एकूण बरं चाललं होतं.

आता त्यातली खरी गोष्ट सांगतो. शिवाजीरावांना वास येतच नसे. अजिबात! रंगाच्या कारखान्याने पेन्शन दिली, पण त्याच्या कितीतरी आधी नाकाला सुटी दिली होती. वास घ्यायची ती चंद्रकांता, त्यांची बायको. सकाळी चहाचा कप घेऊन ती गॅलरीत उभी राही, नाक जरा वर करी आणि आमटीला मीठ बरोबर आहे का सांगावं तशी सांगे, "आज अंड्यांचा." मग खाली येऊन बाकीचा मजकूर वाचे.

"अहो, जितेशवर एवढं नका लिहू."

"का? तो भावी नगरसेवक आहे."

"भावी असेल नाहीतर नसेल, पण पाण्याचा टँकर त्याचा आहे. पुसा."

शिवाजीराव पुसत.

गेल्या वर्षी श्रावणात चंद्रकांता गेली. मुलगी स्नेहा विरारला सासरी. घरात शिवाजीराव, टीव्ही आणि फळा. फळा बंद केला तर सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना कळेना. पण नाक कुठून आणायचं? त्यांनी एक युक्ती काढली. रोज लिहायचं : 'आजचा वास : उग्र.' बोईसरमध्ये 'उग्र' लिहिलं की सहसा चुकत नाही. वर्षभर चुकलं नाही.

चंद्रकांतेच्या बऱ्याचशा वस्तू स्नेहाने वाटून टाकल्या होत्या. एक राहिली, ती बाथरूमवरच्या माळ्यावरचा पत्र्याचा डबा. त्यात सुके बोंबील. लग्न होऊन आली तेव्हा किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेली मासळी बघून तिने पदर नाकाला लावला होता. पुढे तीच बाजारात बोंबील हातात घेऊन वाकवून बघायला लागली, न मोडणारा परत करायला लागली. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिने डबा भरला, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा लावून सुतळीने गाठ मारली आणि माळ्यावर ठेवला. तिची गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नसे. शिवाजीरावांनी दोनदा डबा खाली काढला, गाठीवरून बोट फिरवलं आणि होता तसा वर ठेवला. बोंबलांचं काय, ते बाजारातही मिळतात.

यंदा गच्चीवरच्या टाकीचा पाइप गळायला लागला. पाणी भिंतीतून माळ्यावर आणि माळ्यावरून बाथरूममध्ये. शिवाजीरावांनी ताबडतोब उपाय केला, खाली बादली लावली. वर डब्यात काय चाललंय, हे बघायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यात ऑक्टोबरचा उकाडा.

पहिल्यांदा मांजरं आली. एक बोका, मग दोन भाट्या, मग सोसायटीत कधी न दिसलेलीही. सगळी शिवाजीरावांच्या दाराशी येऊन बसत आणि आत बघत. शिवाजीरावांना भरून आलं. त्यांनी स्नेहाला फोन लावला.

"स्नेहा, मुक्या जनावरांना कळतं गं. माणूस एकटा आहे, हे ओळखून येतात बिचारी."

"बाबा, तुम्ही कधी मांजराला जवळ केलंय?"

"तेच तर! तरी येतात!"

त्यांनी जिन्यात दुधाची बशी ठेवायला सुरुवात केली.

मग खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई आल्या. मूळच्या मासवणच्या, बोलायला मोकळ्या, चंद्रकांतेची मैत्रीण. नाकाला पदर लावूनच उभ्या राहिल्या.

"भावजी, वास येते का नाय तुमाला?"

"येतो तर! उग्र आहे."

"उग्र कसला? मोरीतून वर येते, जेवाया बसवत नाय. मासळी कुजल्यावानी हाय!"

इथे शिवाजीरावांचा अनुभव आडवा आला. सामान्य माणूस असता तर त्याने घरात मासळी शोधली असती. पण ज्याने कारखान्यात जन्म काढला, त्याला 'मासळी' म्हटल्यावर मासळी आठवत नाही.

"अमाईन!" शिवाजीराव ओरडले. "गोजराबाई, हा अमाईन वायू! त्याला कुजक्या मासळीचाच वास असतो. कुठल्या तरी कंपनीचा व्हॉल्व्ह गळतोय. मोरीतून येतो म्हणजे गटारात सोडलाय!"

"अरे देवा! आनी मी आपली तीनदा मोरी घासली."

त्या दिवशी फळ्यावर बातम्यांना जागा उरली नाही. 'आजचा वास : अमाईन! कंपन्यांनो, नाक आम्हालाही आहे!' असं मोठ्या अक्षरांत लिहून शिवाजीरावांनी खाली दोन रेघा ओढल्या. असलं काही लिहिलं की 'पुसा' म्हणणारं कुणी आता नव्हतं.

दुपारी जितेश आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, मागे दोन मोटारसायकली. निवडणूक कशाची ते ठरलं नव्हतं, पण तो उभा राहणार हे ठरलं होतं.

"काका, तुम्ही मला फळ्यावर कितीही हाणा, पण आज मानलं तुम्हाला! या वासावर मी आवाज उठवणार."

"पण जितेश, आधी खात्री..."

"तुम्ही लिहिलंय ना? झाली खात्री! दर्पण, घे रे काकांचं."

दर्पण म्हणजे 'पालघर ठिणगी' या बातम्यांच्या चॅनलचा मालक, संपादक आणि कॅमेरामन. त्याने मोबाइल शिवाजीरावांच्या नाकाखाली धरला.

"काका, प्रेक्षकांना जरा वास घेऊन दाखवा. कुठून येतोय?"

सगळे बघत होते. शिवाजीरावांनी डोळे मिटले आणि चंद्रकांता करायची तसं नाक वर केलं. पूर्वेला हुंगलं, पश्चिमेला हुंगलं. काहीच येईना. शेवटी बोट एकदाचं दक्षिणेला गेलं.

"तिकडून!"

"तिकडे तर माझ्या सासऱ्यांचा लग्नाचा लॉन आहे," जितेश हळूच म्हणाला.

"त्याच्या पलीकडून," शिवाजीराव म्हणाले.

व्हिडिओ गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी प्रदूषणवाले साहेब पेटीएवढं यंत्र घेऊन आले. गेटवर उभं राहून, रस्त्यावर उभं राहून, त्यांनी मोजमाप घेतलं. यंत्र म्हणालं, हवा स्वच्छ आहे.

"बोईसरची हवा स्वच्छ?" लोक खवळले. "यंत्र बिघडलंय!"

"यंत्र नवीन आहे हो."

"मग नवीनच बिघडलंय!"

गंमत म्हणजे यंत्र बरोबर होतं. गावात एवढा गवगवा झाल्यावर सगळ्याच कंपन्या धास्तावल्या होत्या. आपल्याकडून काही होतंय का, म्हणून ज्याने त्याने झाकणं घट्ट केली होती. कित्येक वर्षांत नव्हती इतकी चांगली हवा त्या आठवड्यात होती. फक्त सागरछायेच्या बी विंगमध्ये, म्हणजे शिवाजीराव राहत तिथे, श्वास घेता येत नव्हता.

जितेशने रविवारी नाक्यावर सभा ठेवली. प्रमुख वक्ते : शिवाजी घोरपडे. शिवाजीरावांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. मनातून मात्र धाकधूक. कुणी म्हणालं, काका, आज वास कमी आहे का जास्त, तर काय सांगायचं? नाक नाही हे एकदा कळलं की फळ्यावरची पहिली ओळ गेली. ती ओळ त्यांची नव्हतीच. ती चंद्रकांतेची होती, ते नुसते लिहून घेत.

रविवारी सकाळी स्नेहाचा मेसेज आला. 'व्हिडिओ बघितला. वैतरणा स्टेशन गेलं, पोचतेच. मी आल्याशिवाय कुठेही जाऊ नका.'

ती जिना चढून आली. दाराशी आठ-दहा मांजरं बसलेली. तिने दार ढकललं आणि जागच्या जागी ओढणी नाकाला लावली.

"बाबा! घरात काय मेलंय?"

"घरात? अगं, तो अमाईन आहे, दक्षिणेकडून..."

"दक्षिणेकडून नाही, बाथरूमकडून! तुम्हाला येत नाही?"

शिवाजीरावांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली. स्नेहा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्हाला वास येतच नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तू शाळेत होतीस."

"मग फळ्यावर..."

"तुझी आई सांगायची."

स्नेहा ओढणी घट्ट बांधून बाथरूममध्ये गेली. स्टुलावर चढली, माळ्यावरून डबा खाली घेतला. डब्यातून काळं पाणी ठिबकलं आणि मांजरांनी दारातून एकदम सूर धरला! शिवाजीराव डब्याकडे बघत राहिले, मग मांजरांकडे. मांजरं त्यांच्याकडे बघत नव्हती. कधीच बघत नव्हती.

"कात्री आणते," स्नेहा म्हणाली.

"कात्री नको."

"बाबा, हे टाकायला हवं."

"टाकू. पण कात्री नको."

ते जमिनीवर बसले आणि गाठ सोडायला लागले. सुतळी भिजून फुगलेली. खालून जितेशच्या माणसांच्या हाका. "काका, चला! गर्दी जमलीये!" स्नेहा खिडकीत तोंड घालून उभी. आणि त्या भयंकर वासात, ज्याने अख्खी बिल्डिंग हैराण केली होती, एकटे शिवाजीराव आरामात बसून नखाने एक-एक पदर मोकळा करत होते. मध्येच म्हणाले, "बघ, पहिला फास उलटा घालायची. म्हणून कुणाला सुटत नव्हती."

गाठ सुटली. साडीचा तुकडा त्यांनी बादलीत भिजत घातला. डबा दोघांनी मिळून सोसायटीच्या मागे नारळाखाली खोल खड्डा करून पुरला. स्नेहाने वर दगड ठेवले, मांजरांनी उकरू नये म्हणून.

मग शिवाजीराव सभेला गेले. माइक हातात घेतला आणि साधंच बोलले. "मंडळी, वास कंपनीचा नव्हता. माझ्या घरात बोंबील सडले होते. मला वास येत नाही, म्हणून कळलं नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

मग मागून एक आवाज आला, "काका फुटले!"

"कंपनीवाल्यांनी गाठलं काकांना!"

"बोंबील म्हणे! अमाईनचा बोंबील होतो का?"

जितेशने माइक ओढून घेतला. "बंधू-भगिनींनो, काकांवर केवढा दबाव असेल, विचार करा! मी काकांच्या पाठीशी आहे!" टाळ्या.

आणि संध्याकाळपर्यंत वास गेला! तो जाणारच होता. पण सोमवारी नाक्यावर भला मोठा बॅनर लागला. 'करून दाखवलं! बोईसरचा वास हटवला!' खाली जितेश हात जोडून, आणि कोपऱ्यात डोळे मिटून, नाक वर केलेले शिवाजीराव.

मंगळवारी ते खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. 'आजचा वास' लिहिलं आणि हात थांबला. दूध घेऊन गोजराबाई येत होत्या.

"गोजराबाई, आज कसला वास आहे हो?"

गोजराबाईंनी पिशवी खाली ठेवली, तोंड वर केलं. "जळक्या साखरेचा हाय. रोजच्यावानी." मग पिशवी उचलत म्हणाल्या, "स्नेहाने सांगितलं मला. इचारत जा ना. मी रोज हितूनच जाते."

शिवाजीरावांनी लिहिलं : 'जळक्या साखरेचा.' खाली बॅनरची बातमी घेतली : 'भावी नगरसेवकांनी बोंबलांवर विजय मिळवला.' गोजराबाईंनी ती वाचली आणि मान हलवली.

"भावजी, जितेशचं पुसा."

"का?"

"टँकर त्याचा हाय ना."

शिवाजीरावांनी खडू खिशात टाकला. मग ती ओळ त्यांनी हाताच्या पंजाने पुसली.

मांजरांचं म्हणाल, तर त्या रविवारपासून एकही फिरकलं नाही. शिवाजीराव अजून जिन्यात दुधाची बशी ठेवतात आणि संध्याकाळी ती रिकामी होते. परवा त्यांनी वॉचमनला कौतुकाने विचारलं, कुठलं मांजर येतं रे?

"बिल्ली नहीं आती, चाचा," वॉचमन म्हणाला. "चाय में डाल लेता हूँ."