सहीच्या जागी धुकं

माझ्या अर्जावर वर्तक बाईंनी सहीच्या जागी त्या दिवसाचं हवामान लिहिलं, हा किस्सा मी कित्येक वर्षं लोकांना हसवायला सांगत आलो. अर्ज कसला होता, ते मात्र गाळायचो. एका नऊ वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून टाका, असा तो अर्ज होता. आणि तो मी लिहिला होता.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नोएडात रस्त्यांआधी सेक्टर आणि झाडांआधी शाळा उभ्या राहत होत्या. आमच्या सेक्टरातल्या शाळेची इमारत नवीकोरी होती, पण लाइट दिवसातून चारदा जायची. चौथीच्या वर्गाला वर्तक बाई होत्या. हवामान खात्यातून निवृत्त होऊन भूगोल शिकवायला आलेल्या. येताना खात्यातली सवय बरोबर घेऊन आल्या. गळ्यात दोरीला पेन्सिल, काखेत निळी नोंदवही. दिसेल त्याची वेळ टाकून नोंद. पालकसभेत कुणाचा आवाज चढला की त्या शांतपणे घड्याळ बघत. एकदा घरी चहाला आल्या तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं, "कशा आहात बाई?" तर म्हणाल्या, "सकाळी ढगाळ होते. आता निवळतेय."

त्यांच्या वर्गात रचना नावाची मुलगी होती. मधेच किंचाळायची, वह्या फाडायची, एकदा एका शिक्षिकेला चावलीही होती. बाकीचे शिक्षक तिला वर्गाबाहेर उभं करत. बाईंनी महिनाभर नुसत्या नोंदी केल्या आणि एक दिवस स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मुलगी वाईट नाही. जनरेटर वाईट आहे."

मग त्यांनी चौकीदार रामफलला कामाला लावलं. लाइट गेली की जनरेटर लगेच सुरू करायचा नाही. आधी चौथीच्या खिडकीसमोर येऊन लाल फडकं हलवायचं. ते दिसलं की रचना कानांवर हात ठेवून मागच्या व्हरांड्यात जायची, तिथल्या थर्मामीटरवरचं तापमान बघायची आणि परत येऊन बाईंना सांगायची. तेवढा वेळ अख्खी शाळा पंख्याविना घामाघूम.

प्रिन्सिपॉल वैतागले. "मॅडम, ये स्कूल है या रेलवे स्टेशन?"

"स्टेशन पर तो पहले से बताते हैं, सर," बाई म्हणाल्या. "बच्चों को कौन बताता है?"

आम्हा पालकांना त्या म्हणत, "वादळ थांबवता येत नाही हो. इशारा देता येतो. तेवढ्यानं बोटी किनाऱ्याला लागतात." आम्ही मान डोलवायचो आणि गेटबाहेर आलो की हसायचो.

एक दिवस रामफल रजेवर होता. त्या दिवशी रचनानं फेकलेली पाण्याची बाटली त्याच वर्गातल्या माझ्या अमेयच्या कपाळाला लागली. तीन टाके पडले. "बाबा, मी तर कुछ केलंच नाही," तो रडत म्हणाला. मी आणखी काही विचारलं नाही. सरळ अर्ज लिहायला बसलो. ऑफिसात कमावलेलं सगळं इंग्रजी त्यात ओतलं.

दर संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जाते. त्या वर्षी बसमधल्या निम्म्या घरांची मुलं याच शाळेत होती. तिळगुळाचा डबा आणि माझा अर्ज, दोन्ही एकदमच सीटवरून सीटवर फिरले. "तिळगूळ घ्या, गोड बोला आणि इथे सही करा," असं मी खरोखरच म्हणालो. लोक हसले, तोंडात लाडू धरून सह्या करत गेले. पहिल्या सीटवर बसलेल्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला, पेन्सिल काढली आणि लिहिलं, 'सकाळी ८.१०. दाट धुके. पन्नास पावलांपुढचे दिसत नाही. दिसेल तेव्हा सही.' बस पुन्हा हसली.

आठवड्याभरात प्रिन्सिपॉलनी रचनाला घरी बसवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई आमच्या दारात. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी निळी वही पुढे केली. "तुमचा अर्ज फार छान होता. तुमच्याकडे कम्प्युटर आहे ना ऑफिसात? रचनाच्या एवढ्या नोंदी टाइप करून द्या. प्रिन्सिपॉलांना द्यायचंय. एक पान पिन लावून बंद केलंय, ते तेवढं सोडा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला बसलो. पिन नुसती अडकवली होती, बोट लागताच सुटली. पानावर बाटलीचा दिवस होता.

'११.३५. लाइट गेली. फडके नाही. जनरेटर सुरू. रचनाने कान झाकले. अमेयने तिचे हात कानांवरून ओढले. पुन्हा ओढले. ११.३६. बाटली. दोघेही रडले. दोघांनाही पाणी दिले. अमेयचे नाव वर कळवू नये. तोही नऊच वर्षांचा आहे.'

माझा डबा तसाच राहिला. ज्या मुलाचं नाव लिहून मी दुसऱ्याच्या मुलीला काढायला लावलं होतं, त्याच मुलाचं नाव बाईंनी पिन लावून झाकलं होतं.

मी ते पानही टाइप केलं. घरी अमेयला जवळ बसवून विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाई सांगणार नाहीत ना?" दुसऱ्या दिवशी टाइप केलेले कागद आणि अर्ज मागे घेत असल्याचं पत्र मी स्वतः प्रिन्सिपॉलना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि रचनाला सोमवारपासून परत बोलावलं.

वही परत करताना मी विचारलं, "बाई, ती पिन तुम्ही मुद्दाम सैल लावली होती?"

"हल्ली पिना चांगल्या मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. मग पेन्सिल हातात घेऊन थांबल्या. "अर्ज मागे घेतलात. नोंद केली. पुढे?"

रविवारी अमेयला घेऊन रचनाच्या घरी गेलो. तिच्या आईनं दार उघडलं. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा घट्ट झाला. पण तिनं आत घेतलं. रचना बाल्कनीत होती. तिथे खिळ्याला एक थर्मामीटर टांगलेला, तिच्या मांडीवर एक निळी वही. वेड्यावाकड्या अक्षरांत रोजची एकच नोंद, 'शाम ४. मैडम आईं.' शाळा सुटल्यावर बाई घरी जात नसत, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी कोण होतं, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मी खाली फरशीवर बसलो. अमेय माझा शर्ट धरून मागे उभा. लाल फडकं माझ्याकडे नव्हतं, म्हणून आधी सांगितलं, "रचना, मैं अभी कुछ बोलनेवाला हूँ. जोर से नहीं बोलूँगा."

तिनं दोन्ही कान झाकले. मी थांबलो. बऱ्याच वेळानं तिनं एक हात खाली घेतला.

"बोलो."

"वो चिट्ठी मैंने लिखी थी, बेटा," मी म्हणालो. "बिना देखे लिखी थी. मुझे माफ कर दो."