सुधाकरभाऊजींचं एक वाक्य

माझे दीर भाजीबद्दल कधी सरळ बोलत नाहीत. पहिला घास घेतात, दोन्ही हातांची बोटं वर करून हवेत एक चौकोनी कंस उघडतात, "थोडी" म्हणतात, कंस बंद करतात आणि मग पुढे म्हणतात, "तिखट झाली." म्हणजे भाजी तिखट झाली यावर आमचं एकमत आहे, 'थोडी' या शब्दावर मात्र चर्चा व्हायची आहे. उजव्या हाताला रस्सा लागलेला असतो, त्यामुळे कंस बंद करताना शिंतोडे थेट भिंतीवर उडतात. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली. फिनेल प्यायलेले पाहिले, नाकात हरभरा घालून आलेले पाहिले, पण कंसात जेवणारा माणूस आमच्या घरातच निघाला.

सुधाकर इंगळे हे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. विषारी वायूचे बॉम्ब आणि तसली रासायनिक शस्त्रं जगातून संपवायची म्हणून सगळ्या देशांनी मिळून एक संस्था काढली आहे. तिथे भाऊजी आधी तपासनीस होते, आणि नंतरची बरीच वर्षं संस्थेच्या प्रमुखांचे वरिष्ठ सल्लागार. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीला यातला 'शस्त्र' एवढाच शब्द समजला. म्हणून ते सुट्टीला आले की समोरचे देशमुख हळूच विचारायचे, "साहेब, लायसन्सचं काही जमते का?"

कंसाची सवय तिथलीच. तिथे कुठलाही कागद सगळ्या देशांना मान्य व्हावा लागतो. एखाद्याला एखादा शब्द खटकला की तो चौकोनी कंसात टाकतात आणि त्यावर भांडत बसतात. भांडण मिटलं की कंस काढतात. भाऊजींचं सगळं आयुष्य असे कंस काढण्यात गेलं. लग्न काहून नाही केलं असं विचारलं की म्हणायचे, "कंसात होतं वहिनी, राहूनच गेलं." मुलगी कोण होती? "गोपनीय." बसस्टँडजवळ उभं राहून गिला वडा खाल्ला का, असं विचारलं तरी गोपनीयच. मिशीवर दही मात्र जाहीर असायचं.

सुट्टी घ्यायचे तीही मे महिन्यात. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी म्हणायची, दिवाळीत या. ते म्हणायचे, "तिथल्या थंडीनं हाडं गारठली वहिनी, शेकून घेतो." आणि डेझर्ट कूलरसमोर बसून राहायचे. यजमान गेल्यापासून माझ्या घरात मोठ्यानं बोलणारं माणूस म्हणजे वर्षातून एक महिना हेच. मला त्यांचा राग येतो, पण ते गेले की घर खायला उठतं, हेही सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या कॉलनीत निःशस्त्रीकरण केलं. देशमुखांच्या कूलरचं पाणी शेजारच्या ढोल्यांच्या फाटकासमोर साचायचं. त्यावरून दोन्ही घरं रोज सकाळी काठ्या घेऊन रस्त्यावर यायची. मारामारी व्हायची नाही, पण काठ्या असायच्या. भाऊजींनी दोघांना माझ्या ओट्यावर बसवलं आणि घरातल्या हत्यारांची यादी लिहून मागितली. देशमुखांनी लिहिलं, एक काठी, एक क्रिकेटची बॅट. ढोल्यांनी लिहिलं, एक काठी, एक सब्बल, म्हणजे पहार. दोघांनी एकाच क्षणी वस्तू खाली ठेवायच्या ठरल्या. "एक सेकंदही मागंपुढं नाही," भाऊजी घड्याळ धरून म्हणाले. मग त्या वस्तू माझ्या माळ्यावर गेल्या आणि माळ्याच्या दाराला लाखेचं सील बसलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही नव्या काठ्या घेऊन हजर! जमा केलेल्या काठ्या किडक्या होत्या, चांगल्या दोघांनीही मागे ठेवल्या होत्या.

"पाह्यलं?" भाऊजींचा चेहरा खुलला. "जाहीर न केलेला साठा! सगळे देश असंच करतात."

त्यांनी दोन्ही घरांची झडती घेतली. त्यात ढोलेवहिनी लाटणं उगारून आडव्या आल्या. झालं. लाटणं ही 'दुहेरी वापराची वस्तू' ठरली, म्हणजे घरकामालाही चालते आणि हल्ल्यालाही. समान न्याय म्हणून देशमुखांचं लाटणं गेलं आणि सल्लागारांच्या घरात सवलत दिसायला नको म्हणून माझंही गेलं. तीन दिवस तीन घरांत खिचडी शिजली. चौथ्या दिवशी ढोलेवहिनी आणि देशमुखवहिनी दोघींनी मिळून गवंड्याला बोलावलं आणि पाण्याला नाली काढून दिली. भाऊजी आजही सांगतात की ते भांडण त्यांनी मिटवलं.

हे सगळं हसण्यासारखं आहे. पण या वर्षीच्या मे महिन्यात मला हसू आलं नाही.

या वेळी ते आले तेच तोंड पाडून. सोबत एका अहवालाचा मसुदा होता. कुठल्याशा देशातल्या एका खेड्यावर विषारी वायू सोडला होता, त्याची चौकशी याच संस्थेनं केली होती. भाऊजी स्वतः त्या गावात जाऊन आले होते. तिथल्या एका म्हातारीनं त्यांची बाही धरून ठेवली होती. आधी कोंबड्या मेल्या, मग नवरा गेला. त्याआधी गावातल्या बायांनी तीनदा जाऊन सांगितलं होतं की हवेला वास येतो आहे, पण कोणी लिहून घेतलं नाही. ती म्हातारी भाऊजींना सोडेना. आधी लिही म्हणाली, मग दुभाष्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तेव्हा बाही सोडली. ते वाक्य अहवालात होतं: "गावातील स्त्रियांनी तीन वेळा तक्रार केली होती, ती कोणीही लिहून घेतली नाही."

आता एका देशाला ते वाक्य नको होतं. ते काढलं तर बाकीचा सगळा अहवाल एकमतानं मंजूर होणार होता. प्रमुखसाहेबांना तेच हवं होतं, आणि पर्यायी वाक्य भाऊजींनीच लिहून द्यावं असा त्यांचा हट्ट होता. कारण त्या वाक्यावर भाऊजींचा विश्वास आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच माघार घेतली की कोणी बोट दाखवणार नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की साहेबांचा फोन यायचा. माझं इंग्रजी दवाखान्यातलं आहे, पण तेवढं पुरतं. पहिले दोन दिवस "माय डिअर सुधाकर" चालू होतं. चौथ्या दिवशी नुसतं "सुधाकर". सहाव्या दिवशी साहेबांनीच एक वाक्य वाचून दाखवलं: स्थानिक पातळीवर काही निरीक्षणे नोंदवण्यात आली होती.

भाऊजी खुर्चीतून उठले. "नोंदवण्यात आली होती? कोनं नोंदवली? नाही नोंदवली, हेच तं त्या बाया सांगून राहिल्या!" हे सगळं वऱ्हाडीत. साहेबांना काय कळलं कोण जाणे, फोन ठेवला.

मी म्हटलं, "भाऊजी, बाकीचा अहवाल तं पास होते ना? त्यातून लोकायचं भलं होत असंल तं एका वाक्यापायी काहून अडून बसले?"

"वाक्य काढलं तं ती बाई खोटी पडते, वहिनी."

"तिले कोन सांगाले जाते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटं उचलून आत गेले.

आठव्या दिवशी साहेबांनी स्पष्ट सांगितलं: आज संध्याकाळपर्यंत पर्यायी वाक्य पाठवा, नाहीतर मला दुसरा सल्लागार शोधावा लागेल. भाऊजी इंग्रजीत म्हणाले, "मी अख्खं आयुष्य दुसऱ्यांचे शब्द गुळगुळीत करत आलो. हा नाही करणार." साहेब काहीतरी मऊ बोलले. भाऊजी म्हणाले, "नो सर." मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाले, "वहिनी, पातोडीची भाजी करा आज. झणझणीत करा."

नोकरी गेली. अहवालही मंजूर झाला, वाक्य गाळून. देशमुखांना कुठून कळलं कोण जाणे, ओट्यावर येऊन ते म्हणाले, "काय साहेब, एका वाक्यापायी फॉरेनची नोकरी घालवली?" भाऊजी म्हणाले, "तुमी एका काठीपायी चार दिवस खिचडी खाल्ली, मी काही बोललो का?" तीन दिवस होते ते, पण मी मध्ये पडले नाही.

मग त्यांनी पत्रं धाडायला सुरुवात केली. त्या संस्थेत जेवढे देश आहेत तेवढी पत्रं, दर सोमवारी दहा. मजकूर दोनच ओळींचा: अहवालातून गाळलेलं वाक्य खालीलप्रमाणे आहे. खाली ते वाक्य. आणि त्याखाली ठसठशीत सही, सुधाकर नामदेव इंगळे, अमरावती. इतकी वर्षं भाषणं यांनी लिहायची आणि टाळ्या साहेबांना पडायच्या. कुठे यांचं नाव म्हणून नव्हतं. आता टपाल कार्यालयातल्या बाईंना ते नाव पाठ झालं आहे. सोमवार आला की त्या विचारतात, "सर, आज कोनते देश?"

तिसऱ्या सोमवारी ते भर बारा वाजता माझी स्कूटी घेऊन गेले. डोक्याला दुपट्टासुद्धा बांधला नाही. परत आले ते भिंतीला धरत धरत. चेहरा लालभडक, अंग तापलेलं, ओठ सुकलेले. मी त्यांना आडवं केलं, पंखा लावला, कपाळावर आणि मानेवर ओल्या पट्ट्या ठेवल्या, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभरानं नाडी ठीक लागली तेव्हा माझा संताप बाहेर पडला.

"कोनासाठी करून राहिले हे? कोनी उत्तर तरी देते का? असेच ऊन लागून मराल एक दिवस, अन् कागदावर तसं लिहावं लागंल मले!"

ते छताकडे पाहत म्हणाले, "बाबाच्या कागदावर बी तेच लिवलं होतं."

आमच्या घरात सासऱ्यांचं तसंच सांगतात. ऊन लागून गेले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकत आले आहे.

"बाबा कोनत्या महिन्यात गेले, वहिनी?"

"भादव्यात," मी म्हटलं. दर वर्षी भादव्यात त्यांची पुण्यतिथी आम्ही करतो, जेवायला माणसं बोलावतो, खीर मीच करते.

"भादव्यात ऊन लागून कोन मरते?"

तीस वर्षं मी नर्स होते. भादव्यात कपाशीवर फवारणी चालते हे मला माहीत होतं. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकंही न बांधता मजूर उभ्या पिकात शिरतात हे माहीत होतं. लाळ गळणारे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेले फवारणीवाले मी माझ्या हातानं वॉर्डात घेतले होते, विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं भरून दिली होती. डॉक्टर सांगतील तेच कागदावर लिहिलंही होतं. आणि सासऱ्यांबद्दल एकदाही विचार केला नाही. याची मला फार लाज वाटली.

भाऊजी सांगत होते. "आई तालुक्याच्या कचेरीत गेली. सोबत मी, सातवीत होतो. घरात लिहिता येत होतं ते मलेच. दादा तवा अकोल्याले कामावर. आई बोलली तसं मी अर्जावर लिवलं. तिथला बाबू म्हने, बाकी सगळं ठीक आहे पोरा, हे एक वाक्य काढ, नाही तं कागद पुढं जात नाही. आईले वाचता येत नव्हतं. बाबूनं पेन माह्या हातात देला. मी खोडलं, वहिनी. घरी येईस्तोवर आई मले विचारे, समदं लिवलं ना रे बापू? मी म्हनलं, हो."

"अन् मग?"

"मग काय. ती मरेस्तोवर समजत होती का आपलं म्हननं सरकारच्या दप्तरात आहे म्हनून."

त्या जगभरच्या शस्त्रांत आणि आमच्या कपाशीवरच्या औषधात फरक फार थोडा असतो, एकाच कुळातली विषं आहेत, असं ते पुढे म्हणाले. म्हणून रसायनशास्त्र घेतलं, म्हणून त्या नोकरीत गेले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दादांना, म्हणजे माझ्या यजमानांनाही नाही. एवढी वर्षं हा माणूस दर मे महिन्यात माझ्या घरी येऊन बसायचा आणि हे पोटात ठेवून परत जायचा.

मी उठले. टेबलावरचं त्यांचं पत्रांचं कोरं पॅड आणलं, पेन हातात दिलं आणि म्हटलं, "आईचं जे वाक्य खोडलं ते लिहा, बोलल्या तसंच. पुढच्या सोमवारी हे बी जाईल, अन् पैलं आपल्याच तालुक्याच्या कचेरीत जाईल."

ते उठून बसले. पेन कागदावर टेकवलं. जगातल्या मोठमोठ्या साहेबांची भाषणं लिहिलेला तो हात पुढे सरकलाच नाही, कागदावर नुसता शाईचा ठिपका पसरत गेला. पेन त्यांनी माझ्या हातात परत दिलं.

"तुमी लिवा, वहिनी. मी सांगतो."

मी कागद मांडीवर घेतला. त्यांनी डोळे मिटले आणि सासूबाई बोलल्या असतील तसं, एका दमात सांगितलं. मी शब्द न शब्द लिहिला, एक मात्राही इकडची तिकडे केली नाही, आणि मग त्यांना दोनदा वाचून दाखवला:

"माह्या मालकाले फवाऱ्याच्या औषधानं मारलं, उन्हानं नाही, अन् त्या औषधाचा वास अजून त्यायच्या सदऱ्याले येते, पाह्यजे तं घरी येऊन पाहा."