खंयचो पक्षी?

आमच्या बिल्डिंगमध्ये दिगू परबसमोर 'पक्षी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मुलुंडला राहायला आलो त्याच आठवड्यात मी ती चूक केली. समोरच्या तारेवर काहीतरी काळं बसलं होतं आणि शेजारच्या गॅलरीतल्या या माणसाशी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "छान पक्षी आहे, ना?"

"पक्षी? खंयचो पक्षी?" तो खेकसला. "मी तुका 'शर्टवालो माणूस' म्हणान हाक मारू काय? नाव सांग!"

मी घाबरून म्हटलं, "कावळा." तो निघाला कोतवाल. कोतवालाच्या शेपटीला दोन टोकं असतात म्हणे. अरे, पंखा कुठल्या हुकाला लावायचा या काळजीत असलेला माणूस शेपटीची टोकं मोजत बसतो काय? परब चार दिवस माझ्याशी बोलला नाही. खरं सांगतो, ते चार दिवस फार सुखाचे गेले.

परब टेलिफोन खात्यात लाइनमन. एरवी बरं मराठी बोलायचा, चिडला की मालवणीत उतरायचा. गळ्यात चोरबाजारातली दुर्बीण. खांबावर चढायचं आणि तिथून तारा सोडून बाकी सगळं बघायचं, हीच त्याची नोकरी असं माझं मत झालं होतं. खालून कोणी ओरडायचं, "अहो, आमचा फोन बंद आहे!" वरून उत्तर यायचं, "हळू! वेडा राघू बसलाय!" ज्याचा फोन बंद, त्याला वाटायचं हे आपल्यालाच म्हणाला. दोनदा तर मारामारीवर प्रकरण आलं.

एका रविवारी 'सहल' म्हणून मला आरे कॉलनीत नेलं. सहल कसली डोंबलाची! दोन तास गवतात पालथं पाडलं, शिंकायचीही बंदी. डब्यातले वडे मुंग्यांनी खाल्ले. शेवटी झुडपात तांबूस पंख हलले, तर मला गदागदा हलवतोय, "सांग, सांग!"

"परब, मला भूक लागलीय."

"मेल्या, भारद्वाज तो!"

भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो म्हणतात. परतताना बस बंद पडली आणि आम्ही पाऊण तास चाललो. त्या दिवशी मी ठरवलं, याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी आई न्यूमोनियातून उठून हॉस्पिटलमधून घरी आली. डॉक्टर म्हणाले, आता पोटात अन्न गेलं की झालं. पण आमच्या मागे मिठागरांची मोकळी जमीन, आणि तिथे रोज संध्याकाळी टिटवी ओरडायला लागली. आईने पहिल्या दिवशी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पेज परत पाठवली. म्हणाली, "बोलावणं आलंय रे. कशाला उगाच वाढता?" मी रागावलो, हातापाया पडलो, बायको रडली. तीन दिवस आई पाण्याच्या घोटावर होती. मी दगड घेऊन मिठागरात जायला निघालो, तर जिन्यात परब.

"खंय चाललंस?"

"टिटवी मारायला!" मी ओरडलो आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता भांडेल. तो सरळ आमच्या घरात शिरला. आईला खुर्चीसकट उचललं, मागच्या गॅलरीत ठेवलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली.

"मावशी, तो तपकिरी कुत्रा दिसतो? आता त्याच्या डोक्यावर बघा. पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल."

"दिसली," आई घाबरत म्हणाली. "किती ओरडतेय मेली!"

"खाली उघड्यावर अंडी आहेत तिची. चार. कुत्रा जवळ आला म्हणून बोंबलते. बघत राहा."

कुत्रा कंटाळून निघून गेला. टिटवी खाली उतरली, खड्यांमध्ये बसली आणि गप्प झाली.

आई बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे माझ्यावर नाही ओरडत?"

"तुमच्यार कित्याक आरडात? तुमचो नि तिचो संबंध काय?" परब चिडला होता.

आईला हसू आलं, हसता हसता खोकला आला. मग ती सुनेला म्हणाली, "पेज आण गं. आणि पुन्हा कुत्रा आला तर हाकला त्याला."

मी परबला दारापर्यंत सोडायला गेलो. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्याने हातानेच गप्प केलं. जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"गावी आमची ही आजारी होती," तो म्हणाला. "परसात टिटवी ओरडली. सगळे म्हणाले, संपलं. मीसुद्धा म्हणालो रे, तिच्या उशाशी बसून. तिने माझ्याकडे बघितलं आणि औषध घ्यायचं सोडलं."



"परसात जाऊन बघायला हवं होतं," परब म्हणाला. "पण टिटवी दिसते कशी, ते तेव्हा मला ठाऊकच नव्हतं."